जिनातलं महिनेवारी पार्किंग, चौदा महिने गाडी लावून मग लिहितेय

स्टार द्यायचे तर साडेतीन. जानेवारीत विचारलं असतं तर दीड दिला असता, तो पण चौकीदार बाबाजींकडे पाहून. आता पाऊस पडून गेला, आवारात हिरवं झालं, डोकं थंड आहे, म्हणून साडेतीन.

आमचं गाव दारव्ह्याकडचं, जुन्या शकुंतला रेल्वेच्या पट्ट्यातलं. मूर्तिजापूर ते यवतमाळ ती छोटी गाडी कापसासाठीच टाकली होती इंग्रजांच्या काळात, त्यामुळे रुळाच्या बाजूबाजूनं जिनच जिन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचे कारखाने. गाडी २०१६ पासून बंद, रुळावर गाजरगवत, आणि जिनाची आवारं मात्र तशीच पडून, दोन-दोन तीन-तीन एकराची, दगडी भिंतीची. त्यातल्याच एका जिनाच्या मालकानं आवाराचा अर्धा भाग पार्किंगला द्यायला सुरुवात केली, गावात कोणी त्याला पार्किंग म्हणत नाही, "जिनात लावली" असंच म्हणतात. नाव लिहीत नाही, गावात आलात तर कोणीही दाखवून देईल.

आता तुम्ही म्हणाल खेड्यात पार्किंगचे पैसे कोण देते, येडे झाले का लोकं. मी पण हेच म्हणायची. माझी वॅगन आर २०१९ ची, नवीन मॉडेल आलं तेव्हा घेतली, झेडपीची शाळा अठरा किलोमीटरवर, एसटी सकाळी एक आणि ती पण मनात आलं तर. सहा वर्षं गाडी घरासमोर गल्लीत लावली, कधी कोणाला विचारलं नाही, आणि हीच गोष्ट नंतर माझ्या अंगावर आली, ते सांगतेच पुढे.

शेजारच्या काकाजींचं घर आमच्या बरोबर समोर नाही, थोडं तिरपं, त्यांच्या घरापुढे वीस बाय बावीस फुटाचं आंगण होतं, एका बाजूला पेरूचं झाड, दुसऱ्या बाजूला टिनाचं छप्पर, त्याखाली त्यांची बोलेरो, पोराची मोटरसायकल आणि फवारणीचा पंप. बोलेरो गेटातून आत गेली की गल्ली मोकळी. मागच्या वर्षी जानेवारीत कापूस विकून झाला आणि एका सकाळी पाहते तर पेरूचं झाड आडवं. मी ओट्यावरूनच विचारलं, "काकाजी, झाड काऊन पाडलं?" तर म्हणाले, "खोली काढून राहिलो ना मॅडम समोरून. पोराचं लगन आहे मे मधे."

मी म्हटलं चांगलं आहे. दोन दिवसांनी खड्डे खणले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की खोली म्हणजे अख्खं आंगणच. समोर एक बेडरूम, त्याला लागून संडास-बाथरूम, वर जायला बाहेरून जिना, आणि रस्त्याच्या तोंडाला दहा फुटाचं शटर. शटर कशाला म्हणाल तर उद्या पोरगा दुकान टाकीन. आमच्याकडे कोणी पण घर वाढवो, एक शटर ठेवतेच, पाच-पाच वर्षं त्या शटरमागे खताची पोती आणि कूलर पडून राहतात पण शटर पाहिजे. मग मी विचारलंच, "अन् बोलेरो कुठं लावसान काकाजी?" त्यांनी हातातली वही मिटली आणि माझ्याकडे असं पाहिलं जसं मी काही भलतंच विचारलं, "अवो मॅडम, गाडीचं काय घेऊन बसल्या. सुनेला खोली नको का? गाडी राहीन ना इथंच, रस्ता काय पाकिस्तानात आहे का?"

पुढचे चार महिने तर विचारूच नका. दोन हायवा रेती माझ्या गाडीच्या जागेवर पडली, मग गिट्टी, मग विटा, मग सेंट्रिंगच्या फळ्या. मिस्त्री रोज सकाळी म्हणे "मॅडम उद्या उचलतो", आणि उद्या अजून एक ट्रॉली. मी गाडी कधी मारुतीच्या पारावर लावायची, कधी शाळेतल्या दुसऱ्या मॅडमच्या दारात, एकदा तर दुधाच्या डेअरीसमोर लावली आणि पहाटे पाच वाजता कॅनवाला दरवाजा ठोकत आला. स्लॅबच्या दिवशी मिक्सर रात्री अकरापर्यंत गल्लीत, आणि सकाळी माझ्या बोनेटवर सिमेंटच्या पाण्याचे टिपके, सुकून दगड झालेले. आमचे हे म्हणाले व्हिनेगरनं निघते, व्हिनेगर आणायला यवतमाळ, शेवटी लिंबू घासलं. अजून दोन डाग आहेत.

लग्न झालं, मांडव निघाला, रेती उचलली, आणि जिथे माझी गाडी राहायची तिथे बोलेरो उभी. आमच्या भिंतीला लागून. मग मी माझी वॅगन आर त्यांच्या नव्या शटरसमोर लावून पाहिली, दोन दिवस. आता हिशोब ऐका, कारण मी मुलांना गणित शिकवते आणि मला राहवलं नाही, टेप घेऊन मोजलं. गल्ली चौदा फूट, म्हणजे सव्वाचार मीटर. बोलेरोची रुंदी १७४५ मिलिमीटर, वॅगन आरची १६२०, दोन्ही मिळून तीन मीटर छत्तीस-सदतीस सेंटिमीटर, आरसे सोडून. मधे उरले तीन फूट. तीन फुटात मोटरसायकल जाते, मोठी म्हैस अडून राहते, ट्रॅक्टरचा तर सवालच नाही, आणि मला रात्री झोप लागेना ती १०८ च्या गाडीमुळे. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी आजी आहे, दम्याची, वर्षात दोनदा तरी १०८ बोलवावी लागते. तिसऱ्या दिवशी मी माझी गाडी काढली. बोलेरो राहिली.

मग मी रीतसर मार्गानं गेले, मास्तरीण आहे ना. ग्रामसेवकांकडे, म्हणजे आता त्यांचं पद ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात ग्रामसेवकच. मी आधी वाचून गेले होते की १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात कलम ५२ मधे बांधकामाला परवानगी लागते आणि ५३ मधे रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार पंचायतीला आहे. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले की परवानगी त्यांनी घेतली, बांधकाम त्यांच्याच जागेत आहे, आणि गाडी उभी असणं म्हणजे काही भिंत नाही बांधली, रहदारीला अडचण होत असेल तर तो पोलिसाचा विषय, मोटार वाहन कायद्याचा. आणि मग हळूच, "पण मॅडम, तुमची गाडी इतके वर्षं कुठं लागत होती?"

मी गप्प.

कारण आमच्या गावात स्वामित्व योजनेची, गावातल्या घरांच्या हद्दी ठरवायची, ड्रोन मोजणी झाली तेव्हा आधी सगळ्यांनी आपापल्या हद्दीवर चुना टाकला होता, वरून फोटोत दिसावा म्हणून. आमच्या मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, स्वतः बादली घेऊन ओट्याच्या कडेकडेनं पांढरी रेघ ओढली, मी पोरांना शाळेतून आणून दाखवली होती ती. माझी गाडी त्या रेघेच्या बाहेर. सहा वर्षं बाहेर. घरात सनद आहे फोल्डरमधे, नकाशात गल्ली गल्ली म्हणूनच आहे, तिच्यात माझी जागा अशी काही नाही. म्हणजे काकाजींनी माझी जागा नाही घेतली, त्यांनी त्यांची स्वतःची जागा खाल्ली आणि मग सगळ्यांच्या जागेत येऊन उभे राहिले, जिथे मी आधीच उभी होते.

अजून एक, हे लिहायचं नव्हतं पण लिहिते. आमच्या घरी पण आधी गोठा होता. बैलजोडी विकली २०११ ला, ट्रॅक्टर भाड्यानं सांगायला लागलो, आणि मामाजींनी गोठ्याच्या दोन खोल्या काढल्या, त्यातल्याच एका खोलीत बसून मी हे टाइप करून राहिले. बंडी, म्हणजे बैलगाडी, कुठे गेली मग? गल्लीत. धुऱ्या वर करून भिंतीला टेकवून ठेवली होती सात-आठ वर्षं, पोट्टे त्यावर घसरगुंडी खेळायचे, शेवटी तिची लाकडं पोळ्याच्या आधी कोणीतरी मागून नेली. काकाजी तेव्हा एक शब्द बोलले नाहीत.

तर असं करत जिनापर्यंत पोचले. आता खरा रिव्ह्यू.

आवारात शिरलं की डाव्या हाताला वजनकाटा आणि ऑफिस, समोर रुईच्या गठाणी दाबायच्या प्रेसची इमारत, उजवीकडे भिंतीच्या कडेनं गाड्यांचे खण. मुरूम टाकलेला आहे, आणि आमच्या काळ्या मातीत मुरूम म्हणजे काय ते ज्याची गाडी कधी फसली त्यालाच समजेल, जुलैच्या झडीत पण चाक रुतत नाही. खण चुन्यानं आखलेले, प्रत्येकाला भिंतीवर नंबर, गेरूनं लिहिलेला. माझा अकरा. खण मोजला मी, सवय, साडेआठ बाय सतरा फूट निघाला, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, ती २०२० ची एकत्रित वाली, मोटारीला अडीच बाय पाच मीटर धरतात त्यापेक्षा सूतभर जास्तच. मालकानं नियमावली वाचून आखले असतील असं वाटत नाही, बाबाजींनी बोलेरो उभी करून दोन्ही दारं उघडली आणि तिथे चुना टाकला, असं त्यांनीच सांगितलं. पद्धत चांगली आहे. दोन्ही दारं उघडून माणूस वहीची पिशवी, डबा, पाण्याची बाटली घेऊन उतरू शकते, शहरातल्या मॉलमधे हे जमत नाही.

दर असे, कार पाचशे रुपये महिना, ट्रॅक्टर ट्रॉलीसकट नऊशे, नुसता ट्रॅक्टर सातशे, दुचाकी दीडशे. लग्नाच्या तिथीला वराती आल्या की गाडीमागे पन्नास, आणि त्या दिवशी तुमच्या खणात कोणाची तरी इनोव्हा उभी दिसली तर बाबाजी स्वतः मांडवात जाऊन माइकवर नंबर पुकारायला लावतात. एकदा माझ्यासाठी मंगलाष्टकं थांबवली होती. मी शप्पथ सांगते, दोन मिनिटं थांबवली, नवरदेवाचाच मामा निघाला गाडीवाला.

बाबाजी म्हणजे या सर्व्हिसचा निम्मा जीव. सत्तरीचे असतील, आधी याच जिनात रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करायच्या मशीनवर, रुई काढायला होते, सगळा कापूस सरकारच घ्यायचं त्या एकाधिकार खरेदीच्या काळात रात्रपाळी करायचे, कानानं थोडं कमी ऐकू येते ते त्या मशिनींमुळेच म्हणतात. त्यांच्या खोलीत एक फळी, फळीवर खिळे, खिळ्यांना किल्ल्या, आणि प्रत्येक किल्लीला सोड्याच्या बाटलीचं झाकण चपटं करून त्यावर नंबर ठोकलेला. वहीत रोज संध्याकाळी कोणती गाडी आली कोणती नाही याची नोंद. एक दिवस ट्रेनिंगला अडकले, गाडी आणली नाही, तर रात्री साडेनऊला आमच्या घरी फोन, "अकरा नंबर नाई आली, बाई सुखरूप आहे ना?" पाचशे रुपयात हे कोण करते सांगा.

सावली हा दुसरा फायदा. आमच्याकडे मे मधे पारा पंचेचाळीसला जाते, गल्लीत लावलेली गाडी दुपारी उघडली की स्टिअरिंगला हात लागत नाही. जिनात भिंतीकडेनं कडुलिंबाची सहा झाडं आहेत, नंबर सात ते चौदा सगळे सावलीत. पुढे एक चिंच आहे, तिच्याखाली नंबर पंधरा आणि सोळा, ते घेऊच नका, रात्री बगळे बसतात आणि सकाळी काच दिसत नाही.

अंतर म्हणाल तर घरापासून सातशे मीटर. सकाळी पावणेसातला पाठीवर पिशवी घेऊन निघायचं, उन्हाळ्यात बरं वाटते, पावसाळ्यात छत्री धरून चिखलातून जाताना काकाजींच्या बोलेरोजवळून जावं लागते, तेव्हा काही बरं वाटत नाही. माझ्या साडीच्या काठाला किती काळी माती घरी आली त्याचा हिशोब नाही. आता शाळेत जायचे चप्पल गाडीतच ठेवते, जिनापर्यंत प्लास्टिकचे बूट. पोरं आधी हसायची, आता दोन शिक्षिकांनी तसेच बूट घेतले.

आता दीड स्टारवाली गोष्ट.

नोव्हेंबर लागला की जिन जिन होते. पार्किंग फक्त मालकाचा जोडधंदा आहे हे तेव्हा समजते. मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी पहिल्यांदा आले तेव्हा सीझन संपून गेला होता, मला वाटलं वर्षभर असंच. दिवाळी झाली आणि एका सकाळी गेटवर बंड्या, ट्रॅक्टर, छोटा हत्ती, सगळ्यांची रांग रस्त्यापर्यंत, रात्रीपासून लागलेली, लोकं ट्रॉलीवरच पोत्यात झोपलेले, आणि माझी गाडी आत, अकरा नंबरला, पुढे कापसाच्या तीन ट्रॉल्या. पहिली तासिका गेली. बाबाजी बिचारे हात जोडून, "बाई, काट्याची लाइन मोडता येत नाई, शेतकरी मारतीन मले." आणि त्यांचं खरं होतं. रात्रभर थंडीत बसलेल्या माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगू की बाजूला व्हा, मला शाळेत जायचंय. माझ्या भासऱ्यांचाच, म्हणजे मोठ्या दिरांचाच, ट्रॅक्टर त्या रांगेत होता.

मग तोडगा निघाला तो असा की सीझनभर गाड्या मागच्या बाजूला, सरकीच्या गोदामाजवळ, मागच्या छोट्या गेटातून ये-जा. मागे ना मुरूम ना सावली, आणि गेटची किल्ली एकच, ती ऑफिसच्या मुनीमजींकडे, ते येतात आठला. मी निघते पावणेसातला. सव्वा तासाचा फरक कसा भरायचा यावर पंधरा दिवस चर्चा, शेवटी दुसरी किल्ली बनली, झाकणासकट. पण तोपर्यंत तीन लेट मार्क. महिन्याचे पाचशे त्या चार महिन्यातही पूर्ण घेतले, एक रुपया कमी नाही, मी बोलून पाहिलं, मालक म्हणाले मॅडम कापसाचा भाव पाहा न् बोला. २०२५-२६ च्या सीझनला हमीभाव क्विंटलला ८११० होता लांब धाग्याचा आणि बाहेर व्यापारी काय देऊन राहिले होते ते आम्हाला घरीच माहीत, पण त्याचा माझ्या पार्किंगशी काय संबंध ते मला अजून समजलं नाही.

आणि रुई. रुई सगळीकडे जाते. वायपरमधे, ग्रीलमधे, एसीच्या जाळीत. डिसेंबरात एसी लावला तर तोंडावर बर्फासारखे पांढरे तंतू, सर्व्हिसिंगवाल्यानं फिल्टर काढून दाखवला, गादी भरता आली असती. सरकी आली की उंदीर येतात हे पण लक्षात ठेवा, शेजारच्या खणातल्या सरांच्या डिझायरची वायर कुरतडली, चार हजाराला पडलं. मी तंबाखूची पुडी बोनेटखाली बांधून ठेवायची, कोणी सांगितलं होतं, उपयोग झाला की नशीब चांगलं होतं माहीत नाही, पण शाळेत गाडी उघडली की तंबाखूचा वास आणि हेडमास्तरांची नजर.

आगीचं मात्र गंमतीत घेऊ नका. कापूस म्हणजे ठिणगीची वाटच पाहून राहते. बोंडात एखादा खडा, खिळा मशीनमधे गेला तरी घासून पेट घेतो, म्हणून तर जिनात पाण्याचं टाकं आणि वाळूच्या बादल्या असतातच. इथे आहेत, मी स्वतः पाहिल्या, बादल्यांत वाळू पण होती, पानाच्या पिचकाऱ्या पण होत्या. गाडी लांबून चालून आली की सायलेन्सर तापलेला असते, त्यामुळे गंजीपासून लांब लावायची, आणि तोंड गेटकडे करून लावायची म्हणजे पळवता येते, हा नियम बाबाजी सगळ्यांना पाळायला लावतात, चांगलं आहे. तरी तुमचा विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर इथे सीझनमधे लावू नका. थर्ड पार्टीत तुमची स्वतःची गाडी जळली तर काहीच मिळत नाही, पूर्ण विमा असला तरच आग-चोरी भरून मिळते. आमच्याकडे निम्म्या गाड्यांचा पहिल्या तीन वर्षांनंतर थर्ड पार्टीच असते, पैसे वाचतात म्हणून.

पावतीवर छापलंय, "वाहन मालकाच्या जबाबदारीवर". मी यावर मालकांशी गोड शब्दात भांडले. २०१९ मधे सुप्रीम कोर्टाने दिल्लीतल्या एका हॉटेलच्या प्रकरणात म्हटलं होतं की किल्ली ताब्यात घेऊन गाडी सांभाळायला घेतली तर नुसतं असं छापून हॉटेलला स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटता येत नाही, तिथे पण मारुतीच होती, झेन, पार्किंगमधून चोरीला गेलेली. इथे किल्ल्या बाबाजींच्या खिळ्याला आहेत म्हटल्यावर हा मुद्दा लागू होते असं माझं म्हणणं. मालक म्हणाले, "मॅडम ते मोठं हॉटेल, हे जिन." आणि दुसऱ्या दिवशी बाबाजींच्या खोलीला नवीन कुलूप लागलं. पावती तीच आहे. मी जास्त ताणलं नाही.

एक सल्ला, जे घर वाढवून राहिले त्यांच्यासाठी, कारण ज्याला पार्किंग शोधायचंय तो इथे असंच काहीतरी होऊन येते. नकाशा काढताना मिस्त्रीला सांगा आधी गाडीचा खण आख, मग खोली. नऊ बाय सतरा फूट सोडा, चार मीटरच्या आतली कोणतीही गाडी, बोलेरो धरून, आत जाते आणि दार उघडते. खोली वर पण चढवता येते, खाली कॉलम ठेवून, गाडी खाली खोली वर, काकाजींच्या मिस्त्रीनं हे सुचवलं होतं म्हणे, पण मग शटर कुठे बसलं असतं. २०२५ मधे परिवहन मंत्री सरनाईक म्हणाले होते की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवीन गाडीची नोंदणी नको, तेव्हा आमच्या गावात लोक हसले होते, म्हणे हे मुंबईवाल्यांसाठी, आपल्याकडे जागाच जागा. जागा आहेच, वावरात. गल्लीत नाही.

काकाजींशी बोलणं बंद नाही हं, गैरसमज नको. सून चांगली आहे, बीएड झालेली, माझ्याकडून टीईटीची पुस्तकं नेते. तिच्या माहेरहून स्कूटी आली, ती शटरमधे. पोरानं कांद्यात थोडे पैसे कमावले आणि ट्रॅक्टर घेतला, तो शटरसमोर. मग बोलेरो अजून पुढे सरकली, आजीच्या दाराजवळ, आणि जूनमधे १०८ आली तेव्हा तिला खरंच मागे घ्यावं लागलं, स्ट्रेचर हातानं नेलं. आजी ठीक आहे. पण त्या रात्री काकाजी आमच्या ओट्यावर येऊन बसले, बराच वेळ पेरणीचं बोलले, पाऊस कसा लांबला, बियाणं कसं महाग, उठता उठता म्हणाले, "मॅडम, ते जिनात महिन्याचे किती घेतात?"

मी सांगितलं पाचशे. ते म्हणाले लय होतात. मी म्हटलं बाबाजींना माझं नाव सांगा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी कमी करा म्हणून दोघं मिळून भांडू. अजून काही ठरलं नाही, पण परवा सकाळी अकरा नंबरशेजारी कोणीतरी दोन्ही दारं उघडून बोलेरो उभी केली होती आणि बाबाजी चुन्याची बादली घेऊन उभे होते.

सध्या तीन खण रिकामे आहेत, पंधरा, सोळा आणि अठरा. अठरा घ्या.